एका सेकंदात एक परार्ध

आदिलाबादच्या आकाशात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दोन्ही दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरते. सूर्य तोच आणि कोनही तोच, पण खालची जमीन मात्र ओळखू येणार नाही इतकी बदललेली असते. मेमध्ये उटनूर-नेरडिगोंड्याकडचं सागाचं रान निष्पर्ण उभं असतं आणि ऊन थेट मातीवर आदळतं. जुलैत त्याच सागाला हात-दीड हात लांबीची पानं असतात, पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे काळ्या रानात कापसाची पऱ्हाटी गुडघ्याला लागते आणि आकाशात झड आणि उघाड यांचा खेळ चाललेला असतो. सूर्य माथ्यावर असतो, पण तो दिसेल की नाही ते घटकेघटकेला बदलतं.

या बदलत्या उजेडाशी पान कसं जुळवून घेतं, हे कळायला आधी उजेड मोजावा लागतो. मोजायला लागलं की आपल्या रोजच्या आकड्यांची फूटपट्टी तोकडी पडते. लाख, कोटी, अब्ज पुरत नाहीत. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) एक, दहा, शंभर करत जी स्थानांची यादी दिली, तिच्या अगदी शेवटच्या पायरीपर्यंत जावं लागतं. त्या यादीत अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य येतात आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं.

निरभ्र दुपारी पानाच्या कामी येणारे प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, एका चौरस सेंटिमीटरवर एका सेकंदात किती पडतात? एक परार्ध आणि वर थोडे. पऱ्हाटीच्या तळहाताएवढ्या पानाचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर धरलं, तर त्या एका पानावर दर सेकंदाला शंभराहून जास्त परार्ध फोटॉन येतात. जवळपास नऊशे वर्षांपूर्वीच्या गणितींनी संख्यांची जिथे हद्द मानली, ती संख्या आदिलाबादच्या शेतातलं एक पान डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात ओलांडतं.

काळा ढग आला की याच पानावर येणारा उजेड दहाव्या-बाराव्या हिश्शावर घसरतो. परार्धावरून आपण एक पायरी खाली, ‘मध्य’वर येतो. पावसाळ्यातल्या दाट सागाखाली, जिथे खुरटी झुडपं आणि सागाचीच रोपं वाढत असतात, तिथे वरच्या उजेडातला शेकडा एक-दोन हिस्साच पोचतो, म्हणजे एक-दोन अंत्य. पौर्णिमेच्या चांदण्यात हाच आकडा काही निखर्वांवर येतो. चांदणं उन्हाच्या चार लाखाव्या हिश्शाएवढं असतं.

उतरण जितकी तीव्र, तितकीच चढणही. जुलैत ढग फुटले की जे ऊन पडतं, ते कधीकधी निरभ्र दुपारच्या उन्हापेक्षाही प्रखर असतं. सूर्य थेट दिसत असतो आणि शिवाय आसपासच्या पांढऱ्या ढगांच्या कडांवरून उजेड परतून खाली येतो. काही क्षण तरी उन्हाचा आकडा नेहमीच्या भर दुपारच्या वीस-तीस टक्के वर जातो. उघाडीचं ऊन चटका देतं हे शेतात राबणाऱ्याच्या पाठीला माहीत असतंच, उपकरणंही तेच सांगतात. ढगाची सावली ताशी ३६ किलोमीटरने सरकत असेल, तर एकराचं शेत ती सहा-सात सेकंदांत ओलांडते. सहा-सात सेकंदांत उजेड दहापट कमी किंवा दहापट जास्त! माणसाने बनवलेल्या किती यंत्रांना दिवसातून वीस-पंचवीस वेळा असा हिसका सोसवेल?

आता पानाच्या आत जाऊ. पानाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण पाच लाख हरितलवकं असतात. म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच कोटी आणि पऱ्हाटीच्या एका पानात पाच अब्ज. पीक भरात आलं की एकरभर जमिनीवर तीन एकर पानं पसरलेली असतात. त्या हिशेबाने एका एकरात सहा अंत्य हरितलवकं झाली. आणि प्रत्येक हरितलवकात हरितद्रव्याचे कोट्यवधी रेणू.

हे रेणू एकेकटे काम करत नाहीत, हा विसाव्या शतकातला एक मोठा शोध. १९३२ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला या हिरव्या शेवाळावर अगदी क्षणिक लखलखाट पाडून प्राणवायू मोजला. प्रत्येक हरितद्रव्य रेणू आपापला प्राणवायू करत असेल, तर आकडा प्रचंड यायला हवा होता. प्रत्यक्षात हरितद्रव्याच्या सुमारे २,५०० रेणूंमागे प्राणवायूचा एकच रेणू निघाला. प्राणवायूच्या एका रेणूला किमान आठ फोटॉन लागतात, हे लक्षात घेतलं की तीनेकशे रेणूंची एक टोळी पडते. सगळे उजेड पकडतात आणि पकडलेली ऊर्जा एकाच केंद्राकडे सोपवतात. (त्याच १९३२ साली अलाहाबादेत जन्मलेले गोविंदजी पुढे इलिनॉयला जाऊन इमर्सन यांचेच विद्यार्थी झाले आणि प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासातले थोर नाव ठरले.)

या टोळीचा हिशेब मांडू. पानाच्या चौरस सेंटिमीटरमध्ये हरितद्रव्याचे सुमारे तीन मध्य रेणू. त्यांच्यावर भर उन्हात सेकंदाला परार्धभर फोटॉन. म्हणजे सरासरीने प्रत्येक रेणूला सेकंदाला तीन-चार. हा आकडा किती साधा वाटतो! पण तीनशे रेणूंची टोळी म्हटलं की केंद्राच्या दारात सेकंदाला हजारेक फोटॉनांची ऊर्जा येऊन धडकते. केंद्राची पुढची व्यवस्था मात्र सेकंदाला शंभर-दोनशेच इलेक्ट्रॉन पुढे नेऊ शकते. त्यापुढे कर्बवायू पकडणारं रुबिस्को हे प्रथिन आहे. त्याचा वेग सेकंदाला तीन रेणूंच्या आसपास. इतकं संथ की झाडांना त्याचे डोंगर रचावे लागतात. पृथ्वीवर या एका प्रथिनाचा साठा सुमारे ७० कोटी टन भरतो.

पाणी-खत पुरेसं असलेलं पऱ्हाटीचं पान भर उन्हात सेकंदाला, चौरस सेंटिमीटरमागे, पावणेदोन अंत्य कर्बवायूचे रेणू बांधतं. त्यासाठी त्याच्या दहा-बारापट फोटॉन खर्ची पडतात. तरी आलेल्या परार्धातला पाचवा-सहावा हिस्साच वापरला जातो. उरलेले चार-पंचमांश कुठे जातात, हाच या लेखाचा खरा विषय. कारण पकडलेली ऊर्जा कुठे तरी जावीच लागते. तिला वाट मिळाली नाही, तर ती शेजारच्या प्राणवायूच्या रेणूला चेतवते आणि तो चेतलेला प्राणवायू आजूबाजूची प्रथिनं आणि पडदे जाळत सुटतो. ज्या कारखान्यातून प्राणवायू बाहेर पडतो, त्याच कारखान्याला त्याचा सर्वांत मोठा धोका असतो.

इथे पानाला वेळेशी झुंजावं लागतं. त्या वेळा इतक्या सूक्ष्म आहेत की त्या ताणल्याशिवाय डोळ्यासमोर येत नाहीत. फोटॉन शोषला जायला एक फेम्टोसेकंद लागतो, सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग. समजा, हा एक फेम्टोसेकंद म्हणजे आपला एक सेकंद. मग ऊर्जा टोळीतून फिरत केंद्रापर्यंत पोचायला एखादा दिवस लागतो. केंद्रात विद्युतभार वेगळे व्हायला तास-दीड तास. त्या आधी वाट मिळाली नाही तर ती ऊर्जा फार तर तीन आठवडे टिकून राहते, मग उष्णता किंवा मंद लाल उजेड होऊन निघून जाते. केंद्र पुढच्या फोटॉनासाठी मोकळं व्हायला दीड लाख वर्षं. आणि अतिउन्हापासून संरक्षण देणारी पानातली व्यवस्था, जी प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटात जागी होते, तिला या मापाने पंचाण्णव कोटी वर्षं लागतात. ढग आल्यावर तीच व्यवस्था पुन्हा सैल पडायला दहा मिनिटं लागली, तर या मापावर ती १,९०० कोटी वर्षं झाली. विश्वाचं वयच मुळी १,३८० कोटी वर्षं. उजेड पकडणं आणि उजेडाशी जुळवून घेणं ही दोन कामं एकाच पानात, एकाच पडद्यावर चालतात, पण त्यांच्या वेगांत एवढं अंतर आहे.

ही संरक्षक व्यवस्था समजून घ्यायला हवी. हरितलवकाच्या आतल्या चपट्या पिशव्यांत, म्हणजे थायलाकॉइडमध्ये, प्रकाश वाढला की हायड्रोजनचे आयन साठू लागतात आणि आतलं पाणी आम्ल होतं. ऊर्जा येते आहे पण खर्ची पडत नाही, याची ती खूण. पीएसबीएस नावाचं एक प्रथिन ही आम्लता ओळखतं आणि टोळीतल्या रेणूंची रचना अशी बदलवतं की ऊर्जा केंद्राकडे न जाता उष्णता होऊन जाते. २००० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे कृष्णा नियोगी यांच्या गटाने हे प्रथिन नसलेली झाडं शोधून त्याचं काम सिद्ध केलं. त्याच्या जोडीला पिवळी द्रव्यंही बदलतात. व्हायोलाझँथिनचं झियाझँथिन होतं. मक्याच्या दाण्याचा पिवळा रंग ज्याने येतो तेच हे झियाझँथिन. पऱ्हाटीच्या हिरव्या पानात दुपारी ते काही मिनिटांत वाढतं. परतीचा प्रवास मात्र सावकाश होतो.

एवढं करूनही नुकसान टळत नाही. साधारण एक कोटी फोटॉनांमागे एकदा, पाणी फोडणाऱ्या केंद्रातलं डी-१ हे प्रथिन मोडतं. एक कोटीत एक म्हणजे नगण्य, असं वाटेल. पण परार्धाला कोटीने भागा. पानाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमध्ये दर सेकंदाला अब्जावधी केंद्रं मोडत असतात. तेवढ्या जागेत अशी केंद्रं साधारण सहा शंकू. म्हणजे भर उन्हाच्या दिवसात प्रत्येक केंद्र काही तासांत एकदा तरी मोडून पुन्हा उभं राहतं. मोडलेलं प्रथिन काढायचं, नवं तयार करायचं, नेमक्या जागी बसवायचं, आणि बाकीचे भाग तसेच ठेवायचे. ही डागडुजी थांबवली तर पान एका दिवसात निकामी होईल. तिचा खर्च झाड निमूट सोसतं आणि तो आपल्या कुठल्याच हिशेबात धरला जात नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आदिलाबादच्या शेतात या सगळ्याचं उघड्या डोळ्यांनी दिसणारं रूपही आहे. पऱ्हाटीची पानं सूर्याकडे तोंड करून फिरतात. सकाळी पूर्वेला कललेली असतात, संध्याकाळी पश्चिमेला, आणि रात्रीतून परत वळतात. शेजारच्या वावरातलं सोयाबीन उलटं वागतं. पाण्याचा ताण आणि प्रखर ऊन एकत्र आलं की त्याची पानं उभी होतात, सूर्याला कड दाखवतात. पान साठ अंशांनी कललं की त्याच्यावरचं ऊन निम्मं होतं, ऐंशी अंशांना शेकडा सतरावर येतं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक पीक ऊन मागतंय आणि दुसरं चुकवतंय. तिसरी वाट ज्वारीची. ज्वारी कर्बवायू आधी एका पेशीत पकडून दुसऱ्या पेशीत रुबिस्कोभोवती कोंडते, त्यामुळे तिला भर दुपारचं ऊनही सहसा जास्त होत नाही. पऱ्हाटी आणि सोयाबीन जिथे भागलं म्हणतात, तिथे ज्वारीची भूक अजून शिल्लक असते.

पान फिरतं ते दिसतं. पानाच्या आत हरितलवकंही फिरतात, ते मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावं लागतं. उजेड कमी असेल तर ती पेशीच्या वरच्या-खालच्या बाजूला पसरतात, जास्तीत जास्त फोटॉन पकडायला. ऊन चढलं की पेशीच्या उभ्या भिंतींना चिकटून एकामागे एक रांग धरतात, म्हणजे पुढचं मागच्याला सावली देतं. वेग मिनिटाला एक मायक्रॉनच्या आसपास, मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच मायक्रॉन रुंदीच्या हरितलवकाला आपल्या अंगाएवढं अंतर सरकायला पाच मिनिटं लागतात. वेग क्षुल्लक आहे, पण ही हालचाल ज्यांत होत नाही अशी झाडं प्रखर उन्हात लवकर पोळतात, हे २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. एका एकरात सहा अंत्य हरितलवकं दुपार होताना एका दिशेला आणि ढग येताना दुसऱ्या दिशेला सरकत असतात.

याहून आतली एक हालचाल आहे आणि तिच्या पायाशी एका मराठी शास्त्रज्ञाचं काम आहे. प्रकाशसंश्लेषणात दोन यंत्रणा एकामागोमाग काम करतात, प्रकाशप्रणाली दोन आणि प्रकाशप्रणाली एक. प्रफुल्लचंद्र विष्णू साने यांनी १९७० साली गुडचाइल्ड आणि पार्क यांच्यासोबत हरितलवकाचे पडदे साबणासारखं कोणतंही द्रव्य न वापरता वेगळे केले आणि दाखवलं, की या दोन यंत्रणा सगळीकडे सारख्या मिसळलेल्या नसतात. पडद्याच्या सुट्या, न रचलेल्या भागात प्रणाली एकचंच राज्य असतं, प्रणाली दोन पिशव्यांच्या रचलेल्या चवडींत राहते. साने पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि मग संचालक म्हणून लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत काम करत राहिले. १९८१ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. मराठी वाचकांना हे नाव जितकं ठाऊक असायला हवं, तितकं ते नाही.

या भौगोलिक विभागणीचं महत्त्व सागाच्या सावलीत कळतं. सागाचं पान तांबडा-निळा उजेड खाऊन टाकतं आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद तांबडा उजेड खाली सोडतं. त्या उजेडावर प्रणाली एक भागते, दोन उपाशी राहते. उघडं ऊन आलं की नेमकं उलटं. दोघींची गती सारखी राहिली नाही तर इलेक्ट्रॉनांची साखळी तुंबते. म्हणून उजेड पकडणाऱ्या प्रथिनांचा एक भाग चवडींतून सुटून मोकळ्या पडद्याकडे जातो आणि गरज संपली की परततो. दहाएक मिनिटांत ही बदली पूर्ण होते. १९६९ साली जपानमध्ये मुराता यांनी आणि अमेरिकेत बोनाव्हेंचुरा व मायर्स यांनी ही घटना वेगवेगळी नोंदली.

सागाखालचं जग वेगळंच आहे. तिथे दिवसभर एक-दोन अंत्यांचा मंद उजेड असतो आणि मधूनच पानांच्या फटीतून उन्हाचा कवडसा उतरतो. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. अनेक जंगलांत तळाच्या झुडपांना दिवसभरात मिळणाऱ्या उजेडातला निम्म्याहून जास्त वाटा अशा कवडशांतून येतो. पण कवडसा आला म्हणून पान लगेच कामाला लागत नाही. अंधारात सुस्तावलेलं रुबिस्को जागं करायला अ‍ॅक्टिव्हेज नावाचं आणखी एक प्रथिन लागतं, त्याला काही मिनिटं हवी असतात. पर्णरंध्रं उघडायला त्याहून जास्त. पूर्ण वेग गाठायला दहा ते तीस मिनिटं. तोवर कवडसा पुढच्या झुडपावर गेलेला असतो. म्हणून सावलीतली झाडं एक उपाय करतात. पहिल्या कवडशाने जागी झाली की लगेच झोपत नाहीत, थोडा वेळ तयारीत राहतात. दुसरा कवडसा आला की त्याचा फायदा पहिल्याहून किती तरी जास्त मिळतो. पानात असा मिनिटांचा स्मृतीसारखा काही भाग आहे, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

उघड्या शेतात प्रश्न उलटा आहे. तिथे जागं होण्यापेक्षा सैल होण्यात वेळ जातो. जुलैतल्या उघाडीत पऱ्हाटीचं पान पूर्ण संरक्षणाच्या पवित्र्यात असतं, तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत सोडून देत असतं. तेवढ्यात ढग येतो. आता प्रत्येक फोटॉन हवा असतो, पण पान आणखी काही मिनिटं त्यांना बाहेर फेकतच राहतं.

नुकसान किती? मी एक ढोबळ गणित मांडतो. ढगाखाली शेतावर भर उन्हाच्या सातव्या हिश्शाएवढा उजेड आहे आणि पाच मिनिटं पीक त्यातला एक-तृतीयांश वाया घालवतं, असं धरू. चौरस सेंटिमीटरमागे एका ढगाला पंधरा परार्ध फोटॉन गेले. दहा फोटॉनांना कर्बवायूचा एक रेणू या दराने एकरभर शेतात ते तीनशे ग्रॅम साखरेएवढं होतं. खालची पानं सावलीतच असतात, ती संरक्षणात गेलेलीच नसतात, म्हणून निम्मंच धरा. दीडशे ग्रॅम. दिवसातून वीस ढग आणि हंगामात असे तीस दिवस आले तर एकरी नव्वद किलो साखर. गृहीतकं बदलली की आकडा बदलेल, पण जिथे एकरी कापूस क्विंटलांत मोजला जातो, तिथे हे नजरेआड करण्याजोगं नाही.

पिकांच्या संगणकीय प्रतिकृती वापरून २००४ साली इलिनॉयच्या स्टीफन लाँग आणि सहकाऱ्यांनी असाच हिशेब नेमकेपणाने केला होता. संरक्षण सावकाश सैल होण्यामुळे पिकाच्या कर्बसंचयाचं नुकसान त्यांच्या अंदाजात साधारण तेरा ते तीस टक्के निघालं. २०१६ साली लाँग आणि नियोगी यांच्या गटांनी तंबाखूच्या झाडांत पीएसबीएस आणि झियाझँथिनची ये-जा करवणारी दोन विकरं अशी तीन जनुकं वाढवली. झाडं लवकर सैल होऊ लागली आणि शेतातल्या चाचणीत त्यांचं वजन १४ ते २० टक्क्यांनी वाढलं. २०२२ साली तेच सोयाबीनमध्ये केल्याचं प्रसिद्ध झालं. एका हंगामात काही वाणांत उत्पन्न ३३ टक्क्यांपर्यंत वाढलं. पुढच्या हंगामात वादळवाऱ्याने पीक लोळलं आणि तशी वाढ दिसली नाही. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या झाडात तर हीच तीन जनुकं वाढवल्यावर झाडं खुरटली. म्हणजे एका झाडाची किल्ली दुसऱ्याच्या कुलुपाला लागतेच असं नाही. तरी या कामाकडे मी आशेने पाहतो. खत वाढवलं, पाणी वाढवलं, बियाणं बदललं, पण ढग सरकल्यानंतरची ती पाच-दहा मिनिटं शेतकऱ्याच्या हाती आजवर कोणीच दिली नव्हती. सोयाबीन आदिलाबादच्या शिवारातलं पीक आहे आणि कापूस तर इथला कणाच. त्यांच्या पानांना सैल व्हायला किती मिनिटं लागतात, हे इथल्याच झडीत, इथल्याच काळ्या रानात मोजलं गेलं पाहिजे.

झड फार लांबली तर नुकसान मिनिटांचं राहत नाही. आठ-आठ दिवस ऊन नसलं की पऱ्हाटीची पाती आणि कोवळी बोंडं गळतात. पोसायला साखरच नाही, तर झाड त्यांना सोडून देतं. आणि सतत ढगाळलेल्या दिवसांत उगवलेली पानं पातळ, रुंद, सावलीला साजेशी होतात. उन्हात वाढलेलं पान जाड असतं, त्यात रुबिस्को जास्त, हरितद्रव्याच्या टोळ्या लहान. हे जुळवून घेणं सेकंदांत किंवा मिनिटांत होत नाही. त्याला दिवस आणि आठवडे लागतात, आणि पूर्ण वाढलेलं पान आपलं अंग फारसं बदलू शकत नाही. म्हणून लांब झडीनंतर एकदम कडक ऊन पडलं की पीक काही दिवस मलूल दिसतं.

हिवाळ्यात आदिलाबादला आणखी एक संकट. तेलंगणातल्या सर्वांत थंड सकाळींपैकी काही इथल्या. पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि सूर्य उगवताच स्वच्छ ऊन पसरतं. फोटॉन येतच राहतात, पण थंडीत विकरांचा वेग मंदावलेला असतो. पकडलं जातं, खर्ची पडत नाही. जुलैत भर दुपारच्या उन्हात जी अवस्था येते, ती इथे सकाळच्या कोवळ्या उन्हातही येते. ज्वारी तर मुळात उष्ण प्रदेशातली, तिला अशी सकाळ सर्वांत जड जाते.

याच दिवसांत पऱ्हाटीवर लाल्या दिसू लागतो. पानं कडेने तांबडी होत जातात, मग सगळी लाल पडून गळतात. त्यामागे एक कारण नसतं. थंड रात्री, नत्राची तूट, बोंडांचा भार, पाण्याचा ताण आणि मॅग्नेशियमची कमतरता ही सगळी एकत्र येतात. पान हरितद्रव्य मोडू लागतं, आणि अँथोसायनिन हे तांबडं द्रव्य साठवतं. बहुतेक अभ्यासक त्या तांबडेपणाकडे उन्हाची ढाल म्हणून पाहतात. हेच द्रव्य पावसाच्या तोंडावर सागाच्या आणि मोहाच्या कोवळ्या पालवीत असतं. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात ती याच्यामुळे. पालवीत ते वाढत्या पानाला सांभाळतं. लाल्यात ते थकलेल्या पानात येतं आणि बहुधा उशीर झालेला असतो.

मॅग्नेशियमचा हिशेब पाहिला तर थक्क व्हायला होतं. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एकच अणू असतो. चौरस सेंटिमीटरला तीन मध्य रेणू, म्हणजे तीन मध्य अणू. त्यांचं वजन जेमतेम सव्वा मायक्रोग्रॅम. एका एकरावर पसरलेली तीन एकर पानं घ्या, त्यांतल्या सगळ्या हरितद्रव्याचं मॅग्नेशियम एकत्र करा, तर ते दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. आदिलाबाद जिल्हा सुमारे ४,१५० चौरस किलोमीटरचा. त्याच्यावर भर दुपारी चार लाख कोटी वॅटचं ऊन पडतं, भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या जवळजवळ आठपट. त्यातला एकराचा वाटा पकडायला झाडाकडे मॅग्नेशियम आहे ते एवढंच, मुठीत मावणारं. पानातलं बाकीचं मॅग्नेशियम, आणि ते बरंच जास्त असतं, इतर कामांत गुंतलेलं असतं. तूट पडली की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्या पानांकडे पाठवतं, आणि त्यामुळे खालची पानं आधी पिवळी-लाल होतात.

लाल्यावर कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठं सांगतात ती फवारणी एक टक्का मॅग्नेशियम सल्फेटची, सोबत युरिया किंवा डीएपी. एकराला दोनशे लिटर पाणी, त्यात दोन किलो मॅग्नेशियम सल्फेट. त्या दोन किलोंत निव्वळ मॅग्नेशियम भरतं सुमारे दोनशे ग्रॅम.